जुन्या कागदांना हात लावण्यापूर्वी

माजी विद्यार्थ्यांचे, डॉक्टर-वकील-इंजिनिअरांचे खासगी कागद विद्यापीठाच्या अभिलेखागारात, म्हणजे जुने दस्तऐवज जपण्याच्या जागी, ठेवून घेतात, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक झालंय. विचारणा करणारी पत्रं भरपूर येतात, शंका मात्र त्याच त्या.

प्रश्न : आजोबा काही नामवंत नव्हते. त्यांच्या कॉलेजच्या वह्या कोण घेणार?

उत्तर : विचारून तर पाहा. वर्गात प्रत्यक्षात काय शिकवलं गेलं, ते छापील अभ्यासक्रमात नसतं, वहीत असतं.

प्रश्न : गंजलेल्या टाचण्या काढू का?

उत्तर : नको, कागद फाटेल.

प्रश्न : वडिलांची पत्रं पिवळी पडून कडांना मोडू लागली आहेत. लॅमिनेट करून, तारखेनुसार लावून द्यावीत का? लॅमिनेशनवाला म्हणतो, शंभर वर्षं काही होणार नाही.

उत्तर : त्याला काय जातंय म्हणायला! कागद पिवळा पडतो तो त्याच्यातल्याच आम्लामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लाकडाच्या लगद्याचा, तुरटी-राळ घातलेला कागद सर्रास झाला, त्याचा हा गुण. प्लास्टिकमध्ये बंद केलंत तरी आम्ल आतच राहतं, वर यंत्राची उष्णता. वितळलेलं प्लास्टिक एकदा तंतूंत शिरलं की सोडवणं जवळपास अशक्य. विसाव्या शतकात मोठमोठ्या अभिलेखागारांनीही लॅमिनेशन केलं, आणि त्यातले कागद सोडवता सोडवता आज संवर्धकांच्या, म्हणजे जुने कागद दुरुस्त करून टिकवणाऱ्यांच्या, नाकी नऊ येताहेत. चिकटपट्टीही नको. गोंद मुरतो, पट्टी गळून पडते, तपकिरी डाग राहतो.

आणि तारखेनुसार लावायला तुम्हाला कुणी सांगितलं? बिलांच्या गठ्ठ्यात एखादं पत्र असेल, तर ते तिथे का ठेवलं होतं यालाही अर्थ असतो. मूळचा क्रम मोडू नये, हे १८९८ सालच्या डच नियमपुस्तकापासून दस्तऐवज जपण्याच्या शास्त्राचं पहिलं पथ्य आहे. पाकिटंही टाकू नका, पत्रावर तारीख नसली की पोस्टाचा शिक्काच कामी येतो. गठ्ठा आहे तसा ठेवा, फोटो काढा आणि अभिलेखपालांना, म्हणजे अभिलेखागार सांभाळणाऱ्यांना, दाखवा.

प्रश्न : सवडीने बघू म्हणतो. निदान चिटोरी तरी फेकून देऊ?

उत्तर : गणितज्ञ वॉटसन १९६५ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या खोलीत जमिनीवर कागदांचा खच पडला होता आणि काही दिवसांतच तो जाळायचा होता. दोघा गणितज्ञांनी वेळेवर पाहिलं म्हणून वाचला. त्यातच रामानुजनांच्या हातची शंभरावर सुटी पानं होती. ती केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली आणि १९७६ मध्ये गणितज्ञ जॉर्ज अँड्र्यूज यांच्या नजरेस पडली. फेका आता चिटोरी!

प्रश्न : वडिलांना आलेली पत्रं मी छापू शकतो ना?

उत्तर : कागद तुमचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्या पश्चात वारसांचा. मुदत देशागणिक वेगळी. आधी वकिलाला विचारा.

प्रश्न : आई डॉक्टर होती. तिच्या नोंदवह्यांतली पेशंटची नावं खोडून देऊ?

उत्तर : खोडू नका. देणगीचा करार करतानाच ही बाब लेखी कळवा. असे कागद ठरावीक वर्षं बंद ठेवता येतात. किती, ते अभिलेखपाल कायदा पाहून सांगतील.

प्रश्न : तिच्या प्रबंधाच्या फ्लॉप्याही आहेत. चालतात का, घरी लावून पाहू?

उत्तर : नको. तशाच घेऊन जा, आणि याच आठवड्यात.