वाचक विचारतात : सॅम लँगफर्ड

प्रश्न : सॅम लँगफर्डला थोर बॉक्सर म्हणतात, मग विजेत्यांच्या यादीत त्याचं नाव का नाही?

उत्तर : त्याला जगज्जेतेपदाची हेवीवेट (सर्वांत वजनदार गटातली) लढत मिळालीच नाही. तो कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा, उंची जेमतेम साडेपाच फूट. १९०६ मध्ये आपल्यापेक्षा बराच वजनदार असलेल्या जॅक जॉन्सनशी तो पंधरा फेऱ्या लढला आणि गुणांवर हरला. दोन वर्षांनी जॉन्सन विजेता झाला, पण त्याने लँगफर्डला पुन्हा संधी दिली नाही. बहुतेक गोरे विजेते तर कृष्णवर्णीय आव्हानवीराला उभंच करत नसत. त्यामुळे लँगफर्ड, हॅरी विल्स, जो जेनेट हे कृष्णवर्णीय बॉक्सर आपसातच पुन्हापुन्हा लढत राहिले.

त्याचे जुने आकडे वाचताना एक चूक हमखास होते. त्या काळी अनेक ठिकाणी पंचांना गुणांवर निकाल देता येत नसे. नॉकआउट झाला नाही, तर नोंद ‘नो डिसिजन’, म्हणजे निकालच दिला नाही, अशी. ती बरोबरी समजू नका. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वार्ताहराने कोणाला सरस ठरवलं, ते शोधा.

नजर जवळजवळ गेल्यावरही तो काही काळ लढला. १९४४ मध्ये एका पत्रकाराला तो न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या अंधाऱ्या खोलीत सापडला, आंधळा आणि कफल्लक. लेख छापून आल्यावर त्याच्यासाठी निधी उभा राहिला.