गुडघा वाकवायला लागतो

बाळा, सप्रेम जय ख्रिस्त.

तुझा तो रात्री पावणेबाराचा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. खराडीचं ऑफिस, मुंढव्याच्या ट्रॅफिकमध्ये जाणारा तास, रविवारी चर्चला येतेस, गाणी म्हणतेस आणि तरी आत कोरडंच, "मावशी, मला चर्चमध्ये काही मिळतच नाही". रागावू नकोस पण अख्ख्या मेसेजमध्ये 'मिळणं' मला चारदा सापडलं, 'करणं' एकदाही नाही.

मी काही वेगळी नव्हते गं. ११ वर्षं मागच्या बाकावर पंख्याखाली बसले, नाईट ड्युटी संपली की थेट उपासनेला, प्रवचनात डुलकी, प्रभुभोजन घेतलं की पर्स उचलून घरी, आणि वर तक्रार की पाळकसाहेबांच्या बोलण्यात दम नाही. (तो खरंच नव्हता, पण ते सोड.)

मागच्या वर्षी माझा गुडघा बदलला ते तुला माहितीये. डॉक्टरांनी नवा सांधा बसवला, त्यात माझं कर्तृत्व शून्य, मी नुसती टेबलावर आडवी. पण नंतर फिजिओवाली मुलगी घरी यायची, टाच सरकवत गुडघा वाकवा म्हणायची, आणि मी, ३६ वर्षं पेशंटना दटावणारी बाई, दुखतंय म्हणून तिलाच चहा पाजून वाटेला लावायचे. महिन्याभरात गुडघा आखडला. नवाकोरा सांधा आणि जिना चढता येईना! तेव्हा बायबलमध्ये प्रेषित पौलानं आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पत्रात लिहिलेलं आठवलं, सुभक्तीविषयी कसरत कर. कसरतच म्हटलंय बघ, आपल्या पेठांमधल्या तालमीत चालते तीच, मूळ ग्रीक शब्द तर जिमनॅशियमच्याच घरातला आहे. आणि फिलिप्पै गावच्या मंडळीला तोच पौल सांगतो की भीत व कापत आपलं तारण, म्हणजे पापातून सुटका, साधून घ्या, आणि श्वास न घेता पुढे म्हणतो की तुमच्यात इच्छा आणि कृती घडवणारा देवच आहे. लोक यातलं अर्धंच उचलतात, काही जण म्हणतात सगळं देव बघेल, काही जण आपल्या उपासांचा हिशेब ठेवत बसतात. आपलं ऑपरेशन झालंय बाळा, बिलही ख्रिस्तानं भरलंय, आता वाकवायचं तेवढं आपल्याकडे आहे.

आणि कोरडं वाटतं म्हणून आपला विश्वासच खोटा असंही मनात आणू नकोस. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, पण त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की आठ वर्षांनी लक्षात आलं, ख्रिस्ती धर्म मिळालाय पण ख्रिस्त मिळालेला नाही. म्हणजे तेव्हा बाई शारदा सदन, ती विधवांसाठीची शाळा, घेऊन इथे आपल्या पुण्यातच होत्या, डोक्यावर ढीगभर कामं, शहरभर टीका. आणि त्या शोधत राहिल्या. पुढे केडगावला हिब्रू आणि ग्रीकवर मेहनत घेऊन साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवलं, १९२२ मध्ये जाईपर्यंत तेच काम चालू होतं. आपल्याला आयतं छापील मिळतंय आणि आपण स्टेटसला एक वचन टाकून मोकळे.

तर बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान घे. १६ अध्याय आहेत, रोज एक, मोठ्यानं वाच, मोबाइलवर नको, मध्येच कुणाचातरी गुड मॉर्निंग येतो. जे पटत नाही ते वहीत लिही आणि पाळकसाहेबांना विचार, ते खूश होतील, त्यांना कुणी काही विचारतच नाही.

आता दुसरं, जे तू मेसेजमध्ये एका ओळीत गुंडाळलंस. कॉयरमधल्या त्या मुलीशी ख्रिसमसपासून बोलत नाहीस, "ते काही नाही, चालतं". नाही चालत. मला विचारशील तर कोरडेपणा तिथूनच सुरू झालाय, कारण तू प्रार्थनेला बसतेस आणि अर्धं डोकं तिनं काय म्हटलं होतं त्यावरच घोळत असतं, हो की नाही? येशूनं तर अर्पण वेदीपाशी तसंच ठेव, आधी जाऊन समेट कर असं सांगितलंय, म्हणजे उपासना अर्धवट टाकून उठायची परवानगीच दिलीय म्हण ना. तिला फोन कर. सॉरीचा इमोजी पाठवू नकोस, फोन. चूक तिचीच होती हे मला माहितीये, तरी.

आणि हो, पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या सणाच्या, रविवारचं बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातलं वाचन मी तुझ्या नावावर लिहून आलेय, तुला न विचारता. त्यात लोकांची आणि देशांची नावं आहेत, पार्थी, मेदी, एलामी, मग ते कप्पदुकिया, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिथेच जीभ अडकली होती आणि पुढच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसली होती. त्या दिवशी मात्र डुलकी आली नाही. शनिवारी संध्याकाळी घरी ये, दोनतीनदा म्हणून घेऊ. येताना खारी आण, चहा मी टाकते.

तुझी,
मावशी