‘झोप झाली नाही, आता केमो लागू पडेल का?’

मी समुपदेशक आहे. कॅन्सरच्या उपचारांत असलेली माणसं समोर येऊन बसली की आजाराच्या आधी झोपेचा विषय काढतात. ‘‘रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही,’’ असं सुरू होतं आणि पाठोपाठ ठरलेली साखळी येते. झोप नाही म्हणून ताकद नाही, ताकद नाही म्हणून औषध लागू पडणार नाही, औषध लागू पडलं नाही की आजार पुन्हा डोकं वर काढणार. शेतकरी असो, आयटीत काम करणारी मुलगी असो, साखळीतली एकही कडी बदलत नाही. अलीकडे ती इतक्या जणांकडून ऐकली की यावर सविस्तर लिहायलाच हवं असं वाटलं.

सुनंदाबाईंची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वाळवा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांची सगळी नोकरी झाली, बहुतेक वर्षं चौथीच्या वर्गावर. निवृत्त झाल्यावर स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं. उपचार परळला, मुक्काम डोंबिवलीला मुलाकडे. घर वन बीएचके. बेडरूम बाईंना दिलेली. मुलगा, सून आणि नातू हॉलमध्ये. सोबत यजमान, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, अबोल आणि टापटिपीचे. त्यांच्या हातात कायम एक आखीव वही असायची.

बाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या, ‘‘ताई, तिसऱ्या केमोच्या आदल्या रात्री मी टक्क जागी होते. सकाळी रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी कमी. केमो आठवडाभर पुढे गेली. माझ्यामुळे गेली.’’

‘‘डॉक्टर असं म्हणाले?’’

‘‘ते कशाला म्हणतील? मला कळतं ना.’’

हा गैरसमज घरोघरी आहे, म्हणून आधी तो दूर करते. केमोची औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात आणि हाडांच्या आतला मगज, जिथे रक्तपेशी तयार होतात, तोही त्या माऱ्यात सापडतो. त्यामुळे साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी खाली येतात आणि पुढची केमो येईपर्यंत बहुधा सावरतात. कधी सावरायला थोडे जास्त दिवस लागतात, तेव्हा डॉक्टर तारीख पुढे ढकलतात किंवा पेशी वाढवणारं इंजेक्शन देतात. आदल्या रात्रीच्या जागरणाने पेशींचा काउंट कोसळत नाही आणि सलाईनमधून शरीरात गेलेलं औषध रात्री आपण झोपलो की नाही, हे बघून काम करत नाही. झोपेला महत्त्व नाही असं मी कधीच म्हणणार नाही. झोप बिघडली की थकवा वाढतो, दुखणं जास्त जाणवतं, मन चिडचिडं होतं. पण हा त्रास वेगळा आणि ‘मी माझा उपचार वाया घालवला’ हा आरोप वेगळा.

हे मी सांगितलं, तरी पटवण्याचा अधिकार त्यांच्या डॉक्टरांचा. म्हणून त्यांना दोन प्रश्न कागदावर लिहून दिले. पेशी कशामुळे कमी झाल्या? आणि माझ्या औषधांत झोप उडवणारं काही आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच मिळालं. केमोनंतर उलटी होऊ नये म्हणून दोन-तीन दिवस डेक्सामेथासोन ही स्टेरॉइडची गोळी दिलेली होती, सकाळ-संध्याकाळ. बाई संध्याकाळची गोळी रात्री जेवणानंतर घ्यायच्या. हे औषध मेंदूला तरतरीत ठेवतं. डॉक्टरांनी दुसरी गोळी दुपारी जेवणाबरोबर घ्यायला सांगितली आणि त्या दोन-तीन रात्री पुष्कळ सुसह्य झाल्या. झोपेसाठी समुपदेशकाकडे येण्याआधी प्रत्येकाने हे विचारावं. दुखणं, हॉर्मोनच्या गोळ्यांमुळे रात्री अंगातून निघणाऱ्या वाफा, हिमोग्लोबिन कमी असल्याने दिवसभर पडून राहणं, रात्री वारंवार लघवीला उठणं, या सगळ्यांवर डॉक्टरांकडे उपाय असतात. मात्र रुग्णाने आपण होऊन सांगितल्याशिवाय गर्दीच्या ओपीडीत तो विषय निघत नाही. आणि झोपेसाठी अश्वगंधा किंवा कुणी सुचवलेला काढा डॉक्टरांना न विचारता केमोच्या काळात घेऊ नये.

बाकीच्या रात्री मात्र होत्या तशाच राहिल्या. आर्थर स्पीलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७च्या सुमारास मांडलेला एक विचार मला इथे फार मोलाचा वाटतो. झोप ज्या कारणाने बिघडते ते एक आणि ज्या कारणाने ती बिघडलेलीच राहते ते दुसरं. पहिलं निघून गेलं तरी दुसरं ठाण मांडून बसतं. मी त्या दुसऱ्याच्या शोधात असते.

बाईंना संध्याकाळ कशी जाते ते विचारलं. आठ वाजता हळदीचं दूध. सून तळपायांना तेल चोळून देते. टीव्ही बंद, नातवाला गप्प केलं जातं. नऊला दिवा मालवतात. साडेनऊला यजमान हळूच विचारतात, ‘‘झोप येतेय का गं?’’ अकराला पुन्हा. मग ते स्वतः झोपल्याचं सोंग घेतात, ते बाईंना कळतं. बाईही सोंग घेतात. आणि सकाळी पहिला प्रश्न, ‘‘किती तास झाली?’’ उत्तर वहीत जातं.

‘‘वही बघू?’’ मी म्हटलं.

यजमानांनी अभिमानाने पुढे केली. सुंदर अक्षर. रकाने पाडलेले: गोळ्या, पाणी, अंडी-डाळ, चालणं, ताप, झोप. झोपेच्या रकान्यात तास, आणि पाच तासांपेक्षा कमी असेल तिथे लाल पेनाने गोल. लाल गोलांची रांगच्या रांग होती. मी वही बाईंच्या पुढ्यात ठेवली आणि विचारलं, ‘‘यातलं तुमच्या हातात काय काय आहे?’’

त्या चटचट बोट ठेवत गेल्या. ‘‘गोळ्या, हो. पाणी, हो. खाणं बरंचसं. चालणं जमेल तेवढं.’’ तापाच्या रकान्याशी बोट थांबलं. ‘‘ताप कसा हातात असेल? तो नुसता मोजायचा.’’

‘‘आणि हा शेवटचा?’’

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. अशा वेळी आपण वाक्य पुरवलं तर समोरच्याचा शोध आपण हिसकावून घेतो, असं माझं ठाम मत आहे. मग त्या एकदम शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या, ‘‘ताई, प्रगतिपुस्तकात मी दरवर्षी मुलांची उंची लिहायचे. वजन लिहायचे. पण उंचीला मार्क कधी दिले नाहीत हो! बुटक्या पोराला कधी नापास केलं नाही.’’ आणि यजमानांकडे वळून म्हणाल्या, ‘‘अहो, तो लाल गोल कशाला काढता? मी रोज सकाळी नापास होते.’’

यजमान गडबडले. ‘‘डॉक्टरांना दाखवायला सोपं जावं म्हणून गं...’’ पुढे त्यांना बोलवेना. पाहता पाहता दोघंही रडायला लागले. निदान झाल्यापासून एकमेकांसमोर ते पहिल्यांदाच रडत होते, हे मला त्यांनी नंतर सांगितलं.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. कि. मो. फडके यांनी ती मराठी मुलखात रुजवली. तिचं म्हणणं असं, की प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दल आपण स्वतःकडे केलेली मागणी जास्त छळते. ‘झोप लागली तर बरं’ ही इच्छा झाली. ‘मला झोप लागलीच पाहिजे, नाहीतर मी घराला बुडवलं’ ही मागणी झाली, आणि मागणीने छाती धडधडते, धडधडत्या छातीने झोप येत नाही. कॅन्सरच्या घरात ही मागणी प्रेमातून उगवते, म्हणून ती ओळखू येत नाही. गोळ्या, प्रथिनं, व्यायाम हे सगळं नेटाने केलं की होतं. त्याच यादीत झोप बसवली जाते. नेट लावला की पळून जाणारी ती एकच गोष्ट आहे. बाईंनी हे माझ्या समजावण्यातून घेतलं असतं तर आठवड्यात विसरल्या असत्या. स्वतःच्या प्रगतिपुस्तकातून घेतलं, म्हणून ते टिकलं. इतकी वर्षं या कामात आहे, अजूनही अशा क्षणासाठी मी वाट बघायला तयार असते.

त्या आठवड्याचा गृहपाठ सोपा होता. ‘‘रात्री झोपायचं नाही. अंधारात डोळे उघडे ठेवून नुसतं पडायचं. विश्रांती तर ती मिळेलच.’’ व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी सुचवलेली ही उलटी वाट भीतीची हवाच काढून घेते. घड्याळ भिंतीवरून उतरवलं, मोबाइल हॉलमध्ये गेला. नऊला दिवा मालवणं बंद, डोळे जड होतील तेव्हाच अंथरूण. सकाळी कितीही वाईट रात्र गेलेली असो, उठायची वेळ एकच, आणि उठल्यावर गॅलरीत उजेडात बसायचं. दुपारची डुलकी अर्धा तास, तीनच्या आत. क्यूबेकमधल्या लावाल विद्यापीठाच्या जोझे सावार यांनी स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या स्त्रियांवर अभ्यास करून दाखवलं आहे, की विचार आणि सवयी बदलण्याच्या या वाटेने त्यांची झोप सुधारते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनेही २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हीच वाट सुचवली. तरी पुस्तकातले नियम केमोच्या रुग्णाला जसेच्या तसे लावू नयेत. अंथरुणातले तास फार कमी करायचे नाहीत, आधीच थकवा असतो. ‘झोप नाही लागली तर उठून दुसऱ्या खोलीत जा’ हा नियम वन बीएचकेमध्ये कसा पाळायचा? हॉलमध्ये नातू झोपलेला. शिवाय पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध सुरू झाल्यावर बाईंचे तळपाय बधिर झाले होते, अंधारात तोल जाण्याचा धोका. म्हणून पलंगाशेजारी खुर्ची आणि मंद दिवा ठेवला. उठून खुर्चीत बसायचं, हातात जपमाळ किंवा लोकरीचं विणकाम, डोळे जड झाले की परत आडवं व्हायचं.

लाल गोल गेले तेव्हा रात्री दोन वाजता त्यांना नेमकं काय जागं ठेवतं, तेही वर आलं. दिवसभर भेटायला येणाऱ्यांना ‘‘मी बरी आहे’’ सांगायचं, सुनेला त्रास नको म्हणून हसायचं. आजार पुन्हा उलटला तर यांचं कसं होईल, हा विचार करायला रात्रीशिवाय मोकळी वेळच नव्हती. म्हणून रोज संध्याकाळी पाचच्या चहानंतर अर्धा तास नवरा-बायकोने गॅलरीत दार लावून बसायचं ठरलं. मनातली भीती उघड बोलायची, पैशांचं, शेताचं, गावाकडच्या घराचं काय ते बोलायचं. ‘‘असं काही होत नाही गं,’’ हे वाक्य यजमानांनी वापरायचं नाही. हे त्यांना सर्वांत अवघड गेलं, पण त्यांनी केलं. केमो संपेपर्यंत बाईंची झोप पाच-सहा तासांवर आली. डेक्सामेथासोनच्या रात्री पहिल्यापेक्षा सुसह्य असल्या तरी थोड्या जागरणाच्याच जायच्या, पण त्या त्यांनी तशा धरूनच ठेवल्या होत्या. वहीतला झोपेचा रकाना यजमानांनी स्वतःहून काढला. डॉक्टरांना सांगण्यापुरतं बाई आठवड्यातून एकदा लिहायच्या.

घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: सकाळी झोपेची चौकशी करू नका. ‘‘चहा टाकू का?’’ एवढं पुरतं. रात्री तुम्हालाही झोप येत नसेल तर सोंग घेऊ नका, दोन शब्द बोला.

आणि एक गोष्ट कधीही टाळू नका. रोज पहाटे जाग येऊन जगण्यात काही राम उरला नाही असं वाटत असेल, आवडीची माणसंही नकोशी झाली असतील, जेवणावरची वासना केमोचे दिवस सरल्यावरही परतली नसेल, तर ते नुसतं जागरण नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगा, ते मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर एक रात्रही थांबू नका: घरातल्या माणसाला उठवा आणि ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. तो मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं.