बेळगावात राहून मराठी कवी आणि बालसाहित्यकार म्हणून कारकीर्द घडते का?

तुमचा प्रश्न असा, की पुण्या-मुंबईला न जाता, बेळगावात राहूनच कविता आणि मुलांसाठीचं लेखन यांवर उभं राहता येईल का. नाव होईल, घर चालणार नाही. तेव्हा नोकरी सोडू नका.

इंदिरा संतांचंच बघा. आयुष्य बेळगावात गेलं, पोटापाण्याला अध्यापन, आणि 'गर्भरेशीम'ला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार. त्यांचीच 'गवतफुला' मुलांनी शाळेत तालासुरात म्हटली. आजचे बालसाहित्यकार एकनाथ आव्हाडही मुंबई महापालिकेच्या शाळेतले शिक्षक. त्यांच्या 'छंद देई आनंद' या संग्रहाला २०२३ चा अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्याची रक्कम ५० हजार. एवढा मोठा मान, पण त्यात वर्षाचा किराणासुद्धा भागत नाही.

मी बेळगावजवळच्या खानापूर भागात मराठी शाळेत शिकवते. आमच्या मुलांची पाठ्यपुस्तकं कर्नाटक सरकारची, त्यामुळे महाराष्ट्राच्या बालभारतीतली कविता त्यांच्यापर्यंत आपसूक पोचत नाही. कुणीतरी ती वर्गात आणावी लागते. मुलांचं शाळेत मिळणारं सकाळचं दूध पिऊन झालं की मी एखादी कविता वाचते. आठ-आठ मात्रांची ओळ असली की बाकाखाली पाय हलायला लागतात. एक मात्रा सांडली की वाचणारं पोर नेमकं तिथंच अडखळतं. इतका चोख संपादक तुम्हाला कुठल्याही प्रकाशनात मिळायचा नाही!

एकदा रोप लावणीवरची एक कविता घेतली होती. त्यात बाया इरली पांघरून चिखलात उभ्या. एक मुलगी म्हणाली, "टीचर, आमची आई प्लॅस्टिकची खोळ घेती की." ती खोळ, वाऱ्यानं तिचा होणारा फडफडाट, घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणारी ही पोरं, यांवर कविता फार थोड्या आहेत. लांबून लिहिणाऱ्याला हे दिसत नाही. तुम्हाला रोज दिसतंय. तुमची खरी जागा ही आहे, असं मला मनापासून वाटतं.

व्यासपीठांची आपल्याकडं वाण नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूरची संमेलनं आहेत, तिथं कवितेला गाव येऊन बसतं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्यांना कविता पाठवा. इथल्या दैनिकांच्या पुरवण्यांनाही पाठवत राहा. मानधन किरकोळ असतं, पण छापून आलेलं कात्रण पुढं उपयोगी पडतं. पैसे भरून संग्रह काढायची घाई मात्र अजिबात नको; त्या प्रती कॉटखाली पडून राहतात.

शनिवारी सकाळची शाळा असते. जवळच्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारा, तिसरी-चौथीचा एक तास मागून घ्या आणि चार कविता वाचून दाखवा. कुठल्या ओळीला पोरं चुळबूळ करतात ते तिथल्या तिथं वहीत टिपून ठेवा.