बुद्धिवाद, बुद्धिप्रामाण्यवाद, विवेकवाद: कुठे कोणता?

एका वाचकाचा प्रश्न असा: रॅशनॅलिझमला मराठीत बुद्धिवाद म्हणावं, बुद्धिप्रामाण्यवाद की विवेकवाद? आणि यांतला कोणता शब्द अनुभववादाच्या विरुद्ध?

ज्ञान बुद्धीतून येतं की अनुभवातून, या वादाबद्दल लिहायचं असेल तर 'बुद्धिवाद' आणि 'अनुभववाद' ही जोडी घ्या. उरलेले दोन शब्द दुसऱ्याच भांडणातले आहेत.

ते भांडण म्हणजे 'ग्रंथात लिहिलंय म्हणून खरं मानायचं का?' तिथे मुद्दा अधिकाराचा आहे, म्हणून 'प्रामाण्य' हवंच. आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढलं तेव्हा त्यांच्या बुद्धिप्रामाण्यासमोर ग्रंथप्रामाण्य आणि रूढी उभ्या होत्या. डोळे आणि कान नव्हेत. पुढे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक दि. य. देशपांडे यांनी 'आजचा सुधारक' या मासिकातून विवेकवाद मांडला, त्याचाही रोख अंधश्रद्धेकडेच होता.

हे दोन अर्थ एकत्र केले की स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमची पंचाईत होते. चमत्कारांच्या कथांवर त्याने जो अविश्वास दाखवला तो पाहता तो पक्का बुद्धिप्रामाण्यवादी. ज्ञान कुठून येतं यावर मात्र तो इंग्रज तत्त्वज्ञ लॉकच्या वाटेने जाणारा अनुभववादी. उलट फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त बुद्धिवादी, आणि ईश्वर आहे हे सिद्ध करायलाही तयार. दोघांना एकच शब्द लावला तर वाचकाने काय समजायचं?

देकार्तच्या १६४१ च्या ग्रंथातला मेणाचा तुकडा इथे आठवावा. नुकताच पोळ्यातून काढलेला; त्याला अजून मधाची चव आहे, फुलांचा वास आहे, हाताला गार आणि टणक लागतो, बोटाने ठोकला तर आवाज येतो. तो विस्तवाजवळ नेला. चव गेली, वास उडाला, रंग बदलला, आकार विरघळला, आता ठोकलं तरी आवाज नाही. इंद्रियांनी जे जे सांगितलं होतं ते सगळं खोटं पडलं, तरी 'हे तेच मेण' असं आपण बेलाशक म्हणतो. ते कुणी सांगितलं? देकार्तचं उत्तर: बुद्धीने. (अनुभववादी यावर गप्प बसणार नाही. तो म्हणेल, मेण वितळताना मी सलग पाहत होतो की!)

आता 'अनुभववाद' या शब्दाबद्दल माझी एक तक्रार. लॉक मनाला कोरा कागद म्हणतो. त्यावर लिहिणारा अनुभव मुख्यतः इंद्रियांतून येणारा, जोडीला मनाने स्वतःच्याच व्यापारांकडे पाहणं. मराठीत मात्र 'अनुभव'वर संतांची छाप आहे. ज्ञानेश्वरांच्या 'अनुभवामृता'तला अनुभव इंद्रियांच्या पलीकडचा. त्यामुळे 'मी अनुभववादी आहे' हे वाक्य ऐकून कुणाला ध्यानधारणा आठवली तर दोष त्याचा नाही. जिथे असा घोटाळा होण्याची शक्यता असेल तिथे मी सरळ 'इंद्रियानुभववाद' लिहितो. शब्द लांबलचक आहे खरा, पण फसवत नाही.

प्रश्नकर्त्याने जाता जाता असंही म्हटलंय की 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण म्हणजे शुद्ध अनुभववाद. मला तसं वाटत नाही. ठेच लागली ती पुढच्याला. मागच्याच्या अंगठ्याला काहीच झालेलं नाही. त्याने फक्त पाहिलं, आणि त्यावरून 'याला लागली तशी मलाही लागेल' असा तर्क केला. म्हणजे शहाणपण अनुमानाचं. पण या अनुमानाला आधार कशाचा? काल जे घडलं तेच आज घडेल, हे कोणत्या युक्तिवादाने सिद्ध करणार? ह्यूम इथेच येऊन अडला आणि म्हणाला, युक्तिवादाने नाहीच. आपल्याला तशी सवय लागलेली असते. म्हणीतला मागचा शहाणा आहे की नुसता सवयीचा गुलाम, हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही.

शेवटचा उपप्रश्न जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या 'आ प्रायोरी'बद्दल होता. पुस्तकांत याला 'अनुभवपूर्व' म्हणतात, आणि विद्यार्थी हमखास समजतात की हे ज्ञान जन्माला येतानाच सोबत येतं. 'पूर्व'मुळे मन काळाकडे धावतं. कांट तर उलट सांगतो की आपलं सगळं ज्ञान अनुभवासोबत सुरू होतं, पण म्हणून ते सगळं अनुभवातूनच निघतं असं नाही. सात आणि पाच बारा होतात हे लहानपणी मणी मोजून शिकलो असू. तरी ते खरं आहे हे पटायला पुन्हा मणी मोजावे लागत नाहीत, आणि कधी मणी अकरा भरले तर आपण बेरीज चुकली म्हणत नाही, एखादा मणी हरवला म्हणतो. 'आधी'पेक्षा 'अवलंबून नसलेलं' हा अर्थ महत्त्वाचा, म्हणून माझं मत 'अनुभवनिरपेक्ष'ला.