सही केली म्हणजे मूल देऊन टाकलं का?

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे समुपदेशनासाठी एका नव्या प्रकारचे पालक येऊ लागलेत. मूल अजून अठराचं नाही, शाळेतच आहे, आणि त्याला परदेशातल्या शाळेत पाठवायचं ठरलंय. कुणाचा मामा टोरांटोजवळ असतो, कुणाची मावशी मेलबर्नला, कुणी इंग्लंडमधली निवासी शाळा शोधलेली असते. एजंटने कागदांची यादी दिलेली असते, पैशांची तजवीज झालेली असते, आणि एका कागदापाशी सगळं अडतं. मुलाची जबाबदारी तिथल्या कुणाच्या तरी नावावर लिहून देणारा कागद. "मॅडम, ह्यावर सही केली म्हणजे आम्ही मूल देऊन टाकलं का हो?" हा प्रश्न इतक्या आयांनी, आणि काही वडिलांनीही, विचारलाय की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं. ज्या घराची गोष्ट सांगतेय त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

कुटुंब सांगलीकडचं. वडिलांचं शेती अवजारांच्या सुट्या भागांचं दुकान, आई घर सांभाळून शिकवण्या घेणारी. मुलाला सोळावं लागलेलं, दहावीची परीक्षा नुकतीच झालेली. आईचा धाकटा भाऊ कॅनडात, ऑन्टारियो प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला असतो, आता तिथला नागरिक आहे. त्याच्याकडे राहून अकरावी-बारावी तिथल्या शाळेत करायची असा बेत. शाळेचं पत्र आलं, वर्षाची फी भरली. नोटरीकडे जायच्या दिवशी आईचं डोकं दुखायला लागलं. पुढच्या खेपेला घरी पाहुणे आले. त्यानंतर ती नोटरीच्या टेबलापर्यंत गेली आणि पेन ठेवून उठून आली. वडील तिला माझ्याकडे घेऊन आले ते "हिला जरा समजवा" म्हणत.

मी समजवायच्या भानगडीत पडले नाही. घरातल्या एका माणसामुळे काम अडलंय असं जेव्हा सगळे म्हणतात, तेव्हा ते माणूस बहुतेक वेळा साऱ्या घराच्या मनातली भीती एकट्याने वाहत असतं, अशी माझी श्रद्धा आहे आणि कामाची रीतही. म्हणून पहिल्यांदा तो कागद टेबलावर काढायला सांगितला आणि तिघांना बसवून वाचला.

कॅनडाचा नियम असा आहे: १७ वर्षांखालचं मूल आईवडिलांशिवाय शिकायला येत असेल तर तिथे त्याचा कस्टोडियन असावा लागतो, म्हणजे तिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी असलेला जबाबदार प्रौढ. त्याचा फॉर्म आयएमएम ५६४६, जेमतेम दोन पानांचा. एका पानावर कस्टोडियनने कॅनडातल्या नोटरीसमोर सही करायची, दुसऱ्यावर आईवडिलांनी इथल्या नोटरीसमोर. मुलाच्या देखभालीची सोय केली आहे आणि अडीअडचणीला हा माणूस त्याच्यासाठी उभा राहील, एवढंच त्यात लिहून द्यायचं असतं. हे दत्तकपत्र नाही. आईवडिलांचं पालकत्व यामुळे संपत नाही की कमी होत नाही. मूल सतरा पूर्ण असेल तर प्रौढ होईपर्यंत व्हिसा अधिकारी असा कागद मागू शकतो, मागेलच असं नाही. प्रौढ वय ऑन्टारियोत १८, ब्रिटिश कोलंबियात १९.

हे सगळं आईला एजंटनेही सांगितलं होतं. तिला ते कळलंही होतं. तरी हात उचलत नव्हता.

"मग अडतंय कुठे?" मी विचारलं.

"समजा त्याला रात्री ताप चढला. भावाने दवाखान्यात नेलं. डॉक्टर कुणाला विचारणार? भावाला. मला दुसऱ्या दिवशी कळणार."

"डॉक्टर आधी तुमच्या मुलालाच विचारतील."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी भलतंच बोलले. पण ऑन्टारियोच्या कायद्यात उपचाराला संमती देण्यासाठी किमान वय ठरवलेलं नाही. काय होतंय, काय करणार आहेत, न केलं तर काय होईल, हे ज्याला समजतं त्याची संमती चालते, मग तो पंधराचा का असेना. ती मुलाकडे वळली. "ह्याला? ह्याला स्वतःचा शर्ट घेता येत नाही दुकानात." आणि पहिल्यांदाच हसली. मुलगा हसला नाही, ते मी टिपून ठेवलं.

पुढच्या वेळी मामाला व्हिडिओ कॉलवर घेतलं. त्याने त्याचं पान कधीच सही करून पाठवलं होतं, त्यामुळे त्याला काही अडचण असेल असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. मी विचारलं, "सही करताना मनात काय होतं?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ताईने मला लहानाचं मोठं केलंय. तिला नाही कसं म्हणणार? पण पोराला काही झालं तर तिला तोंड कसं दाखवू?" मग एकेक गोष्ट बाहेर पडली. त्याची संध्याकाळची पाळी असते, मामीची आठवड्यातून काही रात्री ड्यूटी. मुलगा त्या रात्री घरात एकटा असणार, हे सांगायचं राहून गेलं होतं. बहिणीला ते ऐकून धक्का बसला आणि त्याच वेळी, मला स्पष्ट दिसलं, तिचे खांदे सैल झाले. भावालाही भीती वाटते हे तिला पहिल्यांदा कळलं होतं.

मुलाशी मी एकट्याने बोलले. तो शहाण्यासारखी उत्तरं देत होता. हो, जायचंय. हो, मामा चांगला आहे. थंडीची सवय होईल. मी तयार प्रश्न थांबवले आणि म्हटलं, "आता तू विचार. तुला जे माहीत नाही ते." खिडकीबाहेर बघत तो म्हणाला,

"मला परत यायचं झालं तर कुणाची सही लागते?"

या वाक्यापाशी सगळा गुंता सुटला. एवढ्या मोठ्या फाइलमध्ये जाण्याचा प्रत्येक कागद होता. परत येण्याबद्दल घरात कुणी एक शब्द काढला नव्हता. आपल्याकडे मूल परदेशी निघालं की पेढे वाटतात, नातेवाइकांत फोटो फिरतात. आणि मधेच आलं तर दबक्या आवाजात "परत आला म्हणे" असं होतं. मुलाने हे बघितलेलं असतं. त्याच्या मनात मामाची सही, आईवडिलांची सही, सरकारी शिक्का सगळं मिळून एक कुलूप झालं होतं. आणि तीच भीती आईच्या हातात उतरली होती. तिला वाटत होतं आपण मूल सोडून देतोय. खरं म्हणजे मुलगा सुटून जाईल की अडकून पडेल हे कुणालाच माहीत नव्हतं.

मी त्याला सांगितलं ते इथेही सांगते. स्टडी परमिट म्हणजे राहून शिकण्याची परवानगी. राहण्याची सक्ती त्यात नाही. घरी यायला कॅनडाचं सरकार कुणाची सही मागत नाही. सही लागते ती घरातल्या माणसांची, आणि ती तोंडी असते.

"मग ती घेऊ या," मी म्हटलं. आणि त्याने तोच प्रश्न सगळ्यांसमोर विचारला.

वडील पटकन म्हणाले, "फी परत मिळत नाही त्यांची."

"म्हणूनच विचारतोय," मुलगा म्हणाला.

अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसायचं असतं. ते जमायला मला बरीच वर्षं लागली आणि आज ते जमतं याचं समाधान आहे. वडिलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "बुडली तर बुडली. दुकान माझं, पैसे माझे. तो हिशेब तू नाही करायचास." आईने पदर डोळ्यांना लावला आणि नवऱ्याला विचारलं, "नोटरी उद्या असतो का?"

त्यानंतर त्यांनी घरचा एक कागद केला, माझ्या आग्रहावरून. पहिलं सत्र संपलं की डिसेंबरच्या सुट्टीत राहायचं की यायचं हे मुलगा ठरवणार, आणि तोवर कुणी "कसं वाटतंय, परत तर यायचं नाही ना?" असं विचारायचं नाही. मामीच्या रात्रपाळीच्या दिवशी शेजारच्या ओळखीच्या घरी जेवायचं. फोन रोज इथल्या सकाळी सातला, म्हणजे तिथे आदल्या रात्री साडेनऊ. नोव्हेंबरात तिथली घड्याळं मागे गेली की फरक साडेदहा तासांचा होतो, तेव्हा इथे आठला. मामाने एक अट घातली: मुलाबद्दल तक्रार असेल तर ताईला आधी मुलगा सांगणार, मग मामा. मला ती अट फार आवडली. मुलगा गेला. डिसेंबरात त्याने राहायचं ठरवलं.

आता व्यवहाराचं थोडं, कारण काळजीचा अर्धा भाग अपुऱ्या माहितीचा असतो. २०२४ च्या जानेवारीत कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांवर मर्यादा घातली आणि प्रांताचं अनुमतिपत्र मागायला सुरुवात केली. ती बातमी वाचून शाळकरी मुलांचे पालकही घाबरले; पण पहिली ते बारावीच्या मुलांना ते पत्र लागत नाही. १४ वर्षांपासून पुढे बोटांचे ठसे आणि फोटो द्यावे लागतात. परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे मिळत नाही, आणि आपल्याकडे अल्पवयीनांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल तेवढाच असतो. या मुलाचा मधेच संपणार होता. पंधरा पूर्ण झाल्यावर दहा वर्षांचा पासपोर्ट घेता येतो, तो वडिलांनी आधी करून घेतला. स्टडी परमिटचा कागद विमानतळावर उतरल्यावर सीमा अधिकारी देतो, म्हणून परमिट मंजूर झाल्याचं परिचयपत्र, शाळेचं पत्र आणि कस्टोडियनचा फॉर्म हातातल्या बॅगेत हवा, सामानात नको.

मुलाची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न इतर देशही आपापल्या पद्धतीने विचारतात. ब्रिटनचा चाइल्ड स्टुडंट व्हिसा ४ ते १७ वयासाठी, तोही फक्त फी घेणाऱ्या खासगी शाळांसाठी. मूल बाराचं होईपर्यंत एका पालकाला सोबत राहता येतं, पण नोकरी करता येत नाही. तिथे सोळाखालचं मूल जवळच्या नात्याबाहेरच्या माणसाकडे २८ दिवस किंवा त्याहून जास्त राहणार असेल तर स्थानिक कौन्सिलला कळवावं लागतं. सख्खा मामा जवळचा धरतात, आईचा चुलतभाऊ नाही, आणि आपल्याकडे दोघांनाही मामाच म्हणतो, त्यामुळे इथे नीट बघा. ऑस्ट्रेलियात सबक्लास ५०० या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या अल्पवयीनाची राहण्याची सोय मंजूर झालेली असते, ती परस्पर बदलता येत नाही. पालकाला सोबत जायचं तर सबक्लास ५९० हा वेगळा व्हिसा आहे. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सरकारी हायस्कूलमध्ये जास्तीत जास्त १२ महिने शिकता येतं, तेही पूर्ण खर्च भरून.

वयाबद्दल माझं मत ठाम आहे. "माझं पोट दुखतंय" किंवा "मला इथे कुणी चिडवतंय" हे ज्या मुलाला फोनवर सांगता येत नाही, त्याला कोणत्याही देशाने परवानगी दिली तरी पाठवू नका. आणि कागद भरायला बसाल तेव्हा मुलाला शेजारी बसवा, खेळायला पाठवू नका. बहुतेक घरांत ते दाराआडून सगळं ऐकतच असतं.

वेगळे राहणाऱ्या आईवडिलांसाठी एक गोष्ट जपून सांगते. ब्रिटन दोघांची लेखी संमती मागतं, एकट्यावरच पूर्ण जबाबदारी असल्याचा पुरावा नसेल तर. अशा वेळी "त्याला कशाला विचारायचं" म्हणून शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबलेल्या आया मी पाहिल्यात. मग संमतीच्या बदल्यात पोटगीची, भेटीची जुनी भांडणं उकरली जातात आणि मूल मधे उभं असतं. बोलणं बंद असेल तर वकिलामार्फत, मोठ्या दिरामार्फत, कुणाहीमार्फत, पण शाळेचा अर्ज करण्याआधी विचारा.