शेवग्याची पाने खाणाऱ्या अळ्या : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

शेवग्याची पाने पांढरट, कागदासारखी झाली आहेत. बुरशीनाशक फवारले, फरक नाही. (बार्शी)

ही बुरशी नाही. पान उलटून उजेडात धरा. हिरवा भाग खरवडलेला, शिरा आणि पातळ पापुद्रा तेवढा उरलेला आणि काळी दाणेदार विष्ठा दिसली, तर ती नूर्डा ब्लिटेलिस या पतंगाची अळी समजा. ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. ५ किलो निंबोळी पावडर ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दुहेरी फडक्यातून पिळून गाळा. २०० ग्रॅम साबणचुरा १ लिटर पाण्यात विरघळवून त्यात मिसळा आणि एकूण द्रावण १०० लिटर करा. त्याच दिवशी वापरा. नोझल खालून वर धरा, पानांची खालची बाजू भिजलीच पाहिजे.

फवारणीइतकेच महत्त्व खोदाईला आहे. कोष मातीत असतात. झाडाभोवतीच्या आळ्यातली माती दोन-तीन इंच खालीवर केली की ते उन्हाने मरतात, पक्षी टिपतात. हे टाळले तर पुढच्या पालवीवर अळी पुन्हा हजर.

खोडावर केसाळ अळ्यांचे झुबके आहेत. टेंभ्याने जाळू का? (मोहोळ)

या युप्टेरोट मोलिफेराच्या अळ्या. दिवसा खोडावर गोळा होतात, साल खरवडतात आणि पानेही फस्त करतात. टेंभा लावण्याची जुनी रीत आहे, पण शेवग्याची साल मऊ असते, ती भाजते. त्यापेक्षा झुबका खराट्याने साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडा. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. केस टोचून अंगाला खाज सुटते, आणि तो हात डोळ्याला लागता कामा नये. पानांवरचे अंडीपुंज तोडून नष्ट करा. पाऊस पडून गेल्यावर पतंग निघतात, तेव्हा हेक्टरी एक प्रकाश सापळा लावा.

बीटी पावडर फवारली, अळ्या जिवंतच. (सांगोला)

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू, तो अळीच्या पोटात गेल्यावरच काम करतो. अळी खाणे लवकर थांबवते, मरायला मात्र दोन-तीन दिवस लागतात. तेवढी वाट पाहिलीत का? मोठ्या अळीवर परिणाम कमी होतो. आपल्याकडच्या कडक उन्हात बीटी पानावर टिकत नाही, म्हणून ऊन उतरल्यावर फवारा. विहिरीचे पाणी फार क्षारयुक्त असेल तर सामू (पीएच) तपासा. पत्र्याच्या शेडमध्ये तापलेला पुडा वापरू नका.

बांधापलीकडे शेजाऱ्याची रेशीमकिड्यांसाठी लावलेली तुती आहे. (करमाळा)

मग बीटी नकोच. शेवग्याची अळी मारणारे जिवाणू रेशीमकिड्यालाही मारतात. निंबोळी अर्कही तुतीच्या पानांवर उडू देऊ नका. वेचणी आणि खोदाई यांवरच भर द्या, आणि फवारायचेच असेल तर वारा पडल्यावर, शेजाऱ्याला आधी सांगून.

पाला भाजीला विकतो. कोणते रासायनिक औषध चालेल? (माढा)

ज्या औषधाच्या लेबलवर शेवगा नाही, ते पाल्यावर मारू नका. पाला जसा तोडला तसाच लोकांच्या ताटात जातो. हातवेचणी करा, निंबोळी अर्क तोडणी झाल्यावर नव्या फुटीवर घ्या.